मोंढ्यामागच्या बागेचा रंग

कमिशनर मॅडमच्या टेबलावर आमच्या गावाचा मास्टर प्लॅन पसरलेला होता आणि त्यात मोंढ्यामागची बाग पिवळी होती.

यात काय बिघडलं, असं वाटणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. मास्टर प्लॅन म्हणजे गावाच्या पुढच्या वाढीचा नक्शा. कुठे घरं, कुठे दुकानं, कोणता रस्ता रुंद होणार, हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. पिवळा म्हणजे घरं. निळा म्हणजे दुकानं. लाल म्हणजे शाळा, दवाखाने, कचेऱ्या. हिरवा म्हणजे बागा, मैदानं आणि गावाबाहेरची शेती. सरकारची मंजुरी मिळाली की हे रंग कायदा होतात. हिरव्यात घर बांधता येत नाही. पिवळ्यात येतं.

"सर, पार्क किधर है? मेरे को तो नहीं दिखता," श्रीनिवास म्हणाले. आमचं गाव सीमेवरचं, राजधानी हैदराबाद, त्यामुळे कचेरीत बोलणं हिंदीतच.

श्रीनिवास म्हणजे प्लॉट पाडून विकणारे. माणूस अतिशय सभ्य. शर्टाला इस्त्री, बोलण्यात साखर. त्यांनी मोंढ्यामागची, म्हणजे कापूस बाजाराच्या पाठीमागची, जागा विकत घेतली होती आणि तिथे प्लॉट पाडायची परवानगी मागितली होती. त्या अर्जाचीच ती सुनावणी होती. माहितीच्या अधिकारात त्यांनी नगरपालिकेच्या नक्शाची प्रत काढली होती आणि ऑफिसातला मूळ नक्शाही मागवून घेतला होता. दोन्हीत पिवळा.

दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर सखुबाई शेंडे बसल्या होत्या. पासष्टीच्या. याच बागेत रोजंदारीवर पाणी घालणं, निंदण करणं, पालापाचोळा झाडणं ही कामं त्या पंचवीसेक वर्षं करत होत्या. अर्जावर हरकत त्यांचीच होती. अंगठा उठवून दिलेली.

आणि मी. नगरपालिकेच्या टाऊन प्लॅनिंग विभागातून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला ड्राफ्ट्समन. बागांचा जाणकार म्हणून मला मानानं बोलावलं होतं, चहाही आधी मलाच दिला होता.

"चिंचोलकरजी," मॅडम म्हणाल्या, "सारे पार्क की हिस्ट्री तो आपको मालूम है. ये यलो क्यों है?"

मी चष्मा पुसला. नक्शावर वाकलो. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात मला ती चौकट दिसली. प्रत्येक नक्शावर असते. 'ड्रॉन बाय', 'ट्रेस्ड बाय', 'चेक्ड बाय'. त्यातल्या मधल्या ओळीसमोर एक लफ्फेदार सही होती. तरुणपणी मी माझ्या सहीच्या शेवटी एक शेपूट काढत असे. मंत्र्यासारखी दिसते असं मला वाटायचं.

मी हातातली डायरी अलगद त्या कोपऱ्यावर ठेवली.

"मॅडम, पुराना नक्शा है," मी म्हणालो. "हरा रंग उड़के पीला पड़ गया होगा."

श्रीनिवासांनी मान हलवली. मग बोट गावाबाहेरच्या शेतांवरून फिरवलं. "सर, बाकी का हरा तो एकदम फ्रेश है."

खरंच फ्रेश होता. नुकता पाऊस पडून गेल्यासारखी शेतं होती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, डायरीकडे पाहिलं, आणि पंधरा दिवसांची पुढची तारीख दिली. तोवर पुरावा आणा, नाहीतर परवानगी द्यावी लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

आता मी जाणकार कसा झालो ते सांगतो. मॅडम नव्या होत्या, तेलुगू, गोदावरीकडच्या, झाडांची आवड असलेल्या. गावातल्या प्रत्येक बागेच्या गेटवर तिचा इतिहास सांगणारा एक बोर्ड लावायचा असं त्यांच्या मनात आलं. माहिती कोण देणार? कोणीतरी माझं नाव सुचवलं. रिटायर्ड माणसाला एवढं पुरतं. मी नवीन डायरी घेतली, पहिल्या पानावर 'आमच्या शहराच्या उद्यानांचा इतिहास' असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं नाव शीर्षकापेक्षा थोडंसंच लहान.

महिनाभर हिंडलो. सर्वांत जुनी बाग निजामाच्या काळातली, तहसीलजवळची. ती खरं तर साहेबांसाठी होती. लोक कुंपणाबाहेरून गुलाब बघायचे. राज्य बदललं, गेट उघडलं, आणि आत पहिल्यांदा शिरल्या त्या बकऱ्या. दुसरी बाग वाचनालयाची. तिथे खांबावर भोंगा होता आणि संध्याकाळी नगरपालिकेच्या रेडिओवर बातम्या ऐकायला लोक येत. रेडिओच्या खोलीत आता खराटे ठेवतात. तिसरी मुलांची. तिच्यात झुकझुकगाडी आणली होती. ती एक उन्हाळा चालली. इंजिन अजून आहे, त्यात एक कुत्री दरवर्षी पिलं घालते.

मग कॉलन्या झाल्या. प्लॉट पाडताना बागेसाठी मोकळी जागा सोडावीच लागते असा नियम आहे. जागा सुटायची. मग तिच्यात एक दगड यायचा. दगडाला शेंदूर लागायचा. शेंदरावर पत्रे, पत्र्याला घंटा. जिथे देव आला नाही तिथे ट्रान्सफॉर्मर आला. कागदावर बागा डझनभर, पायांनी हिंडायला निम्म्याही नाहीत. हल्ली आहेत त्यांत चालायचा ट्रॅक आणि व्यायामाची यंत्रं आली आहेत. त्या यंत्रांवर म्हातारे आपली शाल अडकवतात आणि शेजारी बसून गप्पा मारतात.

या सगळ्यांत मोंढ्यामागची बाग वेगळी. ती सरकारनं केलेलीच नाही. तिथे सखुबाईंच्या सासऱ्यांचा, गोविंदा माळ्याचा, भाजीचा मळा होता. कापसाच्या हंगामात खेड्यांतून बैलगाड्या येत. मोंढ्यात नंबर लागायला दोन-दोन दिवस जात. गाडीवाले बायकापोरांसह गोविंदाच्या विहिरीवर पाणी पीत, चिंचेखाली झोपत. मेथी तुडवली जायची. लोक म्हणाले, कुंपण घाल. गोविंदानं उलटं केलं. मेथी लावायचं बंद केलं, सावलीची झाडं लावली आणि गावच्या चार पंचांसमोर सांगितलं की ही जागा आता येणाऱ्या-जाणाऱ्याची. नगरपालिकेनं पुढे बाकं टाकली आणि नळ दिला. कागद कोणीच केला नाही.

"माया सासऱ्यानं जीभ देल्ली होती," सखुबाई मला सांगायच्या. "जीभ देल्यावर कागद कायले लागते?"

कागद लागतो. महसुलाच्या दप्तरात जागा गोविंदाच्याच नावावर राहिली. तो गेला, मुलं गेली, आणि चंद्रपूरला राहणाऱ्या त्याच्या एका पुतण्यानं सखुबाईंना न विचारता एकटाच वारस म्हणून नाव लावून जागा श्रीनिवासांना विकली. त्याला बाग माहीतच नव्हती असं तो म्हणतो. असेलही. त्यामुळे आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. नक्शात हिरवा असता तर जागा कोणाच्याही नावावर असो, तिथे प्लॉट पडले नसते.

सुनावणीनंतर व्हरांड्यात सखुबाईंनी मला गाठलं.

"भाऊ, तुमी त नक्शेवाले. तुमाले तं माहीत असन. बाग पिवयी काऊन दाखवली?"

"पाहून राह्यलो ना बाई," मी म्हणालो.

"पाहा बाप्पा. तुमच्या भरोशावर हाओ आमी."

मी खाली मान घालून स्कूटर काढली. डायरी काखेत घट्ट धरली होती. मला सगळं आठवलं होतं.

हा नक्शा झाला त्या काळी, चाळीस वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नव्हते. मी नुकताच ट्रेसर म्हणून लागलो होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं काढलेला नक्शा पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारा. त्या कागदावरून अमोनियाच्या मशीनवर प्रती निघत. डोळ्यांतून घळघळ पाणी यायचं, जणू सगळा विभाग शोक करतोय. पण प्रती एकरंगी निघायच्या. त्यामुळे प्रत्येक प्रतीत रंग हातानं भरावा लागे. रंगीत पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडायचं, त्याची पूड कापसाच्या बोळ्यावर घ्यायची आणि नक्शावर हलकेच चोळायची. छान सपाट रंग बसतो. आमच्या जिल्ह्यात कापसाला तोटा नव्हता. पेन्सिलीला होता.

हैदराबादला पाठवायचा सेट आणि आमच्यासाठीचे पाच, असे सहा सेट मला रंगवायचे होते. हिरवी पेन्सिल एकच. शहाण्या माणसानं आधी बागा रंगवल्या असत्या. मी आधी शेतं घेतली. मोठं क्षेत्र आधी उरकलं की काम झाल्यासारखं वाटतं. सहाही नक्शांच्या चारी बाजूंनी मी हिरवागार कापूस पिकवला. मग बागा घेतल्या. मोठ्या बागा कशाबशा झाल्या, आणि मोंढ्यामागच्या बागेपाशी येईतो माझ्या हातात पेन्सिलीचं नुसतं लाकूड उरलं.

पांढरा ठिपका ठेवता येत नाही. आजूबाजूला सगळी पिवळी घरं होती. मी सहाही ठिकाणी पिवळा चोळला. विचार पक्का होता. पिवळ्यावर निळा फिरवला की हिरवा होतो, हे तिसरीतल्या पोराला माहीत असतं. दुपारी निळा फिरवू, असं ठरवलं. पण दुपारी टॉकीजला नवा सिनेमा लागत होता, पहिला दिवस, पहिला खेळ. सिनेमा मला आजही सीनवार आठवतो. निळा फिरवल्याचं मात्र आठवत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"घराले रंग देल्ला तवाबी मागची भिंत तशीच राह्यली होती तुमची," ती म्हणाली. "उद्या देतो म्हणे. अजून उद्या आला नाई."

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. धीट होतो म्हणून नव्हे. डायरी कोपऱ्यावर ठेवलेली त्यांनी पाहिली होती, एवढंच. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आप गवाह बनके आए थे. आप तो मुलज़िम निकले."

"मैं लिखके देता हूँ मॅडम. ऍफिडेव्हिट देता हूँ."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आज मी शपथेवर पिवळ्याचा हिरवा केला, तर उद्या दुसरा कोणी रिटायर्ड ट्रेसर धरून आणेल आणि हिरव्याचा पिवळा करून घेईल. खरी प्रत एकच असते, सरकारच्या मंजुरीचा शिक्का बसलेली. ती हैदराबादच्या ऑफिसात. ती जर हिरवी असेल तर गोष्ट वेगळी.

"वो भी तो आपने ही रंगाया?" त्यांनी विचारलं.

"जी."

"तो?"

सहापैकी एखाद्या प्रतीवर तरी मी निळा फिरवला असेल, असं मन सांगत होतं. पण मी स्वतःला साठ वर्षं ओळखतो. मॅडमनी तरीही पत्र दिलं आणि मला हैदराबादला पाठवलं.

सकाळची बस धरली. गुडीहत्नूर गेलं, निर्मलचा घाट उतरलो, तोवर मी मनातल्या मनात सखुबाईंना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी नकार सांगून पाहिला. एकही जमला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मला चपलेनं मारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच हजर झालो. तिथल्या रेकॉर्ड रूमच्या बाई तेलुगू, कामाला चोख. त्यांनी तासाभरात कपड्यात गुंडाळलेली गुंडाळी आणली, टेबलावर सोडली, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. मी आधी शिक्का पाहिला. मग शेतं पाहिली. मोंढा कुठे आहे ते डोळ्यांना माहीत होतं, म्हणून तिकडे सोडून सगळीकडे पाहिलं. शेवटी पाहिलं.

बाग हिरवी होती.

सुंदर नव्हती. काविळीतून उठलेल्या माणसासारखी हिरवी होती. पिवळ्यावर कोणीतरी निळी पेन्सिल थेट ओढली होती, कापूस न लावता, रेघा दिसत होत्या. ते माझं काम नव्हतं. मी आळशी होतो, पण माझा हात साफ होता. शेजारी निळ्यातच दोन बारीक अक्षरं होती, आद्याक्षरं. ती मोईन साहेबांची होती.

मोईन साहेब आमचे हेड ड्राफ्ट्समन. 'चेक्ड बाय' समोर त्यांची सही असायची. जुन्या शाळेतले. उर्दू कागद वाचायचे, भिंग लावून आमच्या रेघा तपासायचे. "मियाँ, नक्शा झूट बोला तो पूरा गाँव झूट बोलता," हे त्यांचं रोजचं वाक्य. आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागे भिंग धरल्याची नक्कल करायचो. सर्वांत चांगली नक्कल माझी होती. त्याच महिन्यात ते रिटायर झाले, पुढे चार-पाच वर्षांनी गेलेही.

मी मनोमन त्यांना सलाम केला आणि बाईंना म्हणालो की या नक्शाची सर्टिफाइड प्रत द्या. त्यांनी विचारलं, याच्याबरोबरची स्लिप नको का?

"कोणती स्लिप?"

नक्शात हातानं दुरुस्ती केली तर सोबत तिचा दाखला जोडावा लागतो. नाहीतर कोणीही कधीही पेन्सिल फिरवेल. हे मी नव्या मुलांना तीस वर्षं शिकवत आलो होतो. बाईंनी फाईल उघडून कागद माझ्यासमोर ठेवला. टाईप केलेला, मोईन साहेबांच्या सहीचा, मंजुरीच्या आधीच्या तारखेचा. दुरुस्तीचा दाखला अर्ध्या पानात होता. उरलेल्या अर्ध्यात माझ्यावर मेमो होता. आणि सर्वांत खाली हातानं लिहिलं होतं, 'नोटेड. विल बी डन टुडे इटसेल्फ.' त्याखाली शेपटाची सही.

म्हणजे मला लेखी सांगितलं होतं. उरलेले पाच सेट दुरुस्त कर म्हणून. आणि मी आजच करतो असं लिहून दिलं होतं. आमच्या ऑफिसातली या कागदाची प्रत बिल्डिंग बदलताना गेली, माझ्या डोक्यातली त्याहून आधी.

बाईंनी सही पाहिली, मग माझं ओळखपत्र पाहिलं. "इदि मीरेना?" म्हणाल्या. हे तुम्हीच का?

"अवुनू," मी म्हणालो. होय.

त्या हसल्या नाहीत. मला वाटतं, हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मी त्यांना म्हणालो, स्लिप राहू द्या, फक्त नक्शाची प्रत द्या. हिरवा दिसतोय, पुरे झालं. बाहेर येऊन चहा घेतला. चहा संपेपर्यंत मला श्रीनिवासांचा गोड आवाज ऐकू येऊ लागला. "सर, ये कलर तो किसी ने बाद में मारा है. देखो, हाथ अलग है." आणि ते खरंच दिसत होतं. रेघा ओरडून सांगत होत्या की हा हात दुसरा आहे. हा रंग मंजुरीच्या आधीच भरला होता, हे सांगणारा जगात एकच कागद होता, आणि त्यात माझी धुलाई होती. विचार करायला दोन मिनिटं लागली असं लिहिणार होतो. वीस लागली. मग आत गेलो आणि स्लिपचीही प्रत घेतली.

पुढची सुनावणी. टेबलावर दोन्ही नक्शे. श्रीनिवासांनी हिरवा चौकोन पाहिला, भिंग मागितलं, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "मॅडम, ये तो अलग हाथ है." मॅडमनी स्लिप पुढे केली. श्रीनिवासांनी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडी करुणा होती. ती रागापेक्षा वाईट.

"ऑब्जेक्शन करनेवाली को भी मालूम होना चाहिए," मॅडम म्हणाल्या. "चिंचोलकरजी, आप उनको मराठी में पढ़के सुनाइए."

खोलीत मराठी येणारे आम्ही दोघंच होतो. मी उभा राहिलो. कागद हातात धरला. नोकरीत शेकडो कागद वाचले, पण असा जड एकही नव्हता.

"यात लिहिलंय," मी सुरू केलं, "की मोंढ्यामागची जागा ही सार्वजनिक बाग आहे. गोविंदा शेंडे यांनी ती लोकांसाठी दिलेली आहे. मी स्वतः जाऊन पाहिली आहे."

सखुबाई खुर्चीवरून पुढे सरकल्या. "सासऱ्याचं नाव हाय त्याच्यात?"

"हाय."

"परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मोईन साहेब नुसता रंग भरून थांबले नव्हते. उन्हात तिथवर चालत गेले होते, कोणाची जागा, कोणी दिली, ते विचारून आले होते. गोविंदा माळ्यानं कागद केला नाही. त्याचा कागद मोईन साहेबांनी केला होता, आणि तो चाळीस वर्षं माझ्या मेमोच्या वर बसून होता.

"पुढं?" सखुबाई म्हणाल्या.

"पुढं म्हणजे, झालं एवढंच महत्त्वाचं."

"चिंचोलकरजी," मॅडम म्हणाल्या, "पूरा."

मी पूर्ण वाचलं. "ट्रेसरनं हिरवा रंग नीट न वापरल्यामुळे ही बाग घरांच्या रंगात गेली. विचारलं असता दुपारी करतो म्हणाला. दुपारी तो टॉकीजला गेल्याचं कळलं. या सेटवर मी स्वतः दुरुस्ती केली आहे. उरलेले पाच सेट ट्रेसरनं आजच दुरुस्त करावेत. त्याचं अक्षर चांगलं आहे, लक्ष चांगलं नाही."

"ट्रेसर म्हंजे कोन?" सखुबाईंनी विचारलं.

"मी."

सखुबाईंनी पदर तोंडावरून काढला.

"म्हंजे बाग तुमी घालवली होती."

"हाव."

"अन् या साहेबानं राखली."

"हाव."

"तुमाले मालूम होतं? त्या दिवशी मी इचारलं तवा?"

खोटं बोलायची सोय होती. पण एवढं सगळं वाचून झाल्यावर तिच्यात अर्थ नव्हता. "मालूम होतं बाई," मी म्हणालो. "लाज वाटली म्हणून नाई सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मॅडमकडे वळल्या आणि मला म्हणाल्या, "बाईले सांगा तुमच्या, बोर्डावर माया सासऱ्याच्या नावाखाली त्या साहेबाचं नाव टाका म्हना."

मी भाषांतर केलं. मॅडमनी लिहून घेतलं.

प्लॉटची परवानगी नामंजूर झाली. मंजूर नक्शात हिरवं असलेल्या जागेत प्लॉट पडत नाहीत, विषय संपला. श्रीनिवास उठताना माझ्याशी हात मिळवून गेले. "आपके जैसे ईमानदार लोग कम हैं," म्हणाले. ते मनापासून बोलले की टोमणा होता, हे मला अजून कळलेलं नाही. पुतण्याशी त्यांचं काय झालं ते त्यांचं ते जाणोत. ऑफिसातला पिवळा नक्शा मॅडमनी दुरुस्त करायला लावला. काम मलाच दिलं, आणि समोर बसून करून घेतलं. नवी हिरवी पेन्सिल त्यांनी स्वतः आणून दिली. मी आधी बाग रंगवली.

बोर्ड लागला. तेलुगू, मराठी, इंग्रजी आणि मोईन साहेबांसाठी उर्दूत. गोविंदा शेंडे यांनी दिली, मोईन साहेबांनी राखली, एवढाच मजकूर. उर्दू ओळ लिहायला मी साहेबांच्या मुलाला बोलावलं. त्याला वडील असं काही करून गेले हे माहीतच नव्हतं. माझ्या नावासाठी जागा होती, पण माझ्याबद्दल खरं काय लिहायचं असा प्रश्न आला आणि आम्ही तो सोडून दिला. सखुबाई अजून तिथे पाणी घालतात. मी फिरायला गेलो की झारी माझ्या हातात देतात. नाही म्हणायची माझी छाती होत नाही.

हल्ली नक्शे कॉम्प्युटरवर होतात. हिरवा रंग संपत नाही. चुका पूर्वीइतक्याच होतात, फक्त कोणाच्या हे कळत नाही. म्हणून ऑफिसातल्या नव्या मुलांना एवढंच सांगतो. साहेबानं मेमो दिला तर वाद घालू नका. घ्या, सही करा आणि फाईलला लागू द्या. आपली त्यात शोभा होते, पण एखाद्याची बाग वाचू शकते. मात्र 'आजच करतो' असं लिहिलंत, तर कृपा करून सिनेमाला जायच्या आधी करा.